त्रिनिदादचा सर्वोच्च सन्मान आणि त्याचे मानकरी

‘ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो’ हा त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान. तो २००८ साली सुरू झाला. त्याआधी जवळजवळ चार दशके हे स्थान ‘ट्रिनिटी क्रॉस’ या पदकाचे होते. क्रिकेटपटू ब्रायन लारा, नोबेल पारितोषिक विजेते लेखक व्ही. एस. नायपॉल, ऑलिंपिक धावपटू हेसली क्रॉफर्ड, विचारवंत सी. एल. आर. जेम्स हे ट्रिनिटी क्रॉसचे मानकरी. पत्र्याच्या पिंपातून सूर काढणारा कारागीर आणि रस्त्यावरच्या कार्निव्हलमधून पुढे आलेली गायिका नव्या सन्मानाच्या मानकऱ्यांत आहेत. जुने पदक जाऊन नवे आले ते न्यायालयातल्या एका वादामुळे, आणि तो वाद त्रिनिदादमधल्या हिंदू व मुस्लिम संस्थांनी लढवला होता. त्यामुळे या सन्मानाच्या इतिहासात त्या देशाच्या सामाजिक जडणघडणीचाही इतिहास येतो.

देश आणि त्याची माणसे

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत, व्हेनेझुएलाच्या समोर, त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे आहेत. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ५,१०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साधारण १४ लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. ३१ जुलै १४९८ रोजी, आपल्या तिसऱ्या सफरीत, कोलंबसाला हे बेट दिसले. ख्रिस्ती धर्मातील पवित्र त्रैक्यावरून त्याने बेटाला ‘त्रिनिदाद’ हे नाव दिले. त्रिनिदाद आधी स्पॅनिश आणि १७९७ पासून ब्रिटिश अमलाखाली राहिले. हा देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला आणि १९७६ साली प्रजासत्ताक बनला.

उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले होते. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी मजुरांसाठी भारताकडे मोर्चा वळवला. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचले. १९१७ पर्यंत चाललेल्या या करारबद्ध मजुरीच्या पद्धतीत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय तेथे गेले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधले, भोजपुरी बोलणारे आणि कलकत्ता बंदरातून निघालेले होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आहेत. हिंदूंचे प्रमाण १८ टक्के आणि मुस्लिमांचे ५ टक्के आहे. दिवाळी आणि ईद या दोन्ही सणांना देशभर सार्वजनिक सुटी असते.

सन्मानाची रचना

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे देशात ब्रिटिश पदव्याच चालत होत्या. देशाचे स्वतःचे सन्मान असावेत या विचाराने १९६९ साली राजपत्राद्वारे ‘ऑर्डर ऑफ द ट्रिनिटी’ची स्थापना झाली. तेव्हा देश स्वतंत्र असला तरी राणी एलिझाबेथ याच राष्ट्रप्रमुख होत्या, म्हणून हे राजपत्र त्यांच्या नावाने निघाले. या मांडणीत चार सन्मान होते.

सर्वांत वर ट्रिनिटी क्रॉस. देशाची असाधारण सेवा किंवा शत्रूसमोर दाखवलेले शौर्य हा त्याचा निकष. त्याखाली चकोनिया पदक, देशहितासाठी व समाजभावना वाढवण्यासाठी दीर्घकाळ केलेल्या कामाबद्दल. तिसरे हमिंगबर्ड पदक, निष्ठेने केलेल्या सेवेबद्दल किंवा माणुसकीच्या कृतीबद्दल. चौथे लोकसेवा पदक, सरकारी नोकरीतल्या उत्तम कामाबद्दल. खालच्या तिन्ही पदकांत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे दर्जे आहेत. स्त्रियांच्या प्रगतीसाठी झटणाऱ्यांकरिता २०११ पासून आणखी एका पदकाची भर पडली.

मधल्या दोन पदकांची नावे तिथल्या मातीतली आहेत. चकोनिया हे देशाचे राष्ट्रीय फूल. रानात वाढणाऱ्या या झाडाच्या लांब फांद्यांवर लालभडक तुरे येतात. बेटाचा शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याच्यावरून फुलाला हे नाव पडले. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ते फुललेले असते, हेही त्याची निवड होण्याचे एक कारण. हमिंगबर्ड म्हणजे फुलासमोर हवेत तरंगत मध पिणारा अंगठ्याएवढा पक्षी. त्रिनिदादला परंपरेने ‘हमिंगबर्डची भूमी’ म्हटले जाते आणि देशाच्या राजचिन्हातल्या ढालीवरही हे पक्षी आहेत. फुलाच्या आणि पक्ष्याच्या नावाबद्दल कोणाची कधी तक्रार आली नाही. वाद झाला तो सर्वांत वरच्या पदकाच्या नावाबद्दल.

सन्मानासाठी नावे सुचवण्याचा अधिकार सर्वसामान्य नागरिकांनाही आहे. आलेल्या नावांची छाननी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती करते, यादी पंतप्रधानांकडे जाते आणि राष्ट्राध्यक्ष सन्मान प्रदान करतात. पूर्वी हा सोहळा स्वातंत्र्यदिनाशी, ३१ ऑगस्टशी, जोडलेला होता. आता तो प्रजासत्ताक दिनी, २४ सप्टेंबरला, पोर्ट ऑफ स्पेनमधील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी होतो.

ट्रिनिटी क्रॉसचे मानकरी

१९६९ च्या पहिल्याच यादीत रुद्रनाथ कपिलदेव यांचे नाव होते. चगुआनास गावच्या एका प्रतिष्ठित हिंदू कुटुंबात जन्मलेले कपिलदेव गणितज्ञ होते आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत. १९६० पासून त्यांनी विरोधी पक्षाचे नेतृत्व केले. १९६२ साली लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या घटनेवर वाटाघाटी झाल्या. दोन वांशिक गटांमधला अविश्वास तेव्हा टोकाला गेला होता, पण पंतप्रधान एरिक विल्यम्स आणि कपिलदेव यांच्यात समझोता झाला आणि देश शांततेने स्वतंत्र झाला. सत्ताधाऱ्यांनी आपल्या प्रमुख विरोधकाला पहिल्याच वर्षी सर्वोच्च सन्मान द्यावा, ही त्या नव्या देशासाठी चांगली सुरुवात होती.

क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना हा सन्मान १९७१ साली मरणोत्तर मिळाला. कोकोच्या मळ्यावरच्या मुकादमाचा हा मुलगा वेस्ट इंडीजच्या पहिल्या कसोटी संघात होता. पुढे इंग्लंडमधील नेल्सन गावाच्या क्लबसाठी ते वर्षानुवर्षे खेळले. १९४३ साली लंडनच्या एका हॉटेलने वर्णावरून त्यांना राहू दिले नाही, तेव्हा त्यांनी दावा लावला आणि जिंकला. ब्रिटनमधील वर्णभेदविरोधी लढ्यात तो निकाल महत्त्वाचा मानला जातो. पुढे ते लंडनमध्ये त्रिनिदादचे उच्चायुक्त झाले आणि १९६९ साली ब्रिटिश उमराव सभेत बसणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले.

१९७० च्या दशकात दोन विजयांनी सारा देश हरखून गेला. २४ जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हेसली क्रॉफर्ड यांनी १०० मीटरची शर्यत १०.०६ सेकंदांत जिंकली. देशाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. त्यांना १९७८ साली ट्रिनिटी क्रॉस देण्यात आला आणि आज राष्ट्रीय स्टेडियमही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९७७ साली जॅनेल कमिसिओंग ‘मिस युनिव्हर्स’ झाल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी त्यांना ट्रिनिटी क्रॉस मिळाला.

लेखक आणि विचारवंतांमध्ये सी. एल. आर. जेम्स आणि व्ही. एस. नायपॉल ही दोन ठळक नावे. जेम्स यांनी १९३८ साली हैतीच्या गुलामांच्या क्रांतीवर ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा ग्रंथ लिहिला. १९६३ सालच्या ‘बियाँड अ बाउंडरी’मध्ये क्रिकेट, वर्ण आणि साम्राज्य यांचा संबंध त्यांनी जसा उलगडला, तसा क्वचितच कोणी उलगडला असेल. त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ इंग्लंड-अमेरिकेत गेला. देशाने १९८० च्या दशकात, त्यांच्या अखेरच्या वर्षांत, त्यांचा गौरव केला. नायपॉल हे कपिलदेवांचे भाचे. १९६१ सालच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीत त्यांनी त्रिनिदादमधल्या हिंदू एकत्र कुटुंबाचे चित्र रंगवले. मायदेशाविषयी त्यांनी आयुष्यभर कठोर शब्दांत लिहिले आणि तिथल्या अनेकांना ते बोचले. तरीही २००१ च्या नोबेलच्या बऱ्याच आधी देशाने त्यांना ट्रिनिटी क्रॉस दिला होता.

लोकनृत्यांना रंगमंचावर आणणाऱ्या बेरिल मॅकबर्नी यांना १९८९ साली हा सन्मान मिळाला. कार्निव्हलची भव्य वेशरचना करणारे पीटर मिन्शॉल यांना तो १९९६ साली मिळाला. बार्सिलोना आणि अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यांत त्यांची कला जगाने पाहिली.

ब्रायन लारा यांना ट्रिनिटी क्रॉस मिळाला तो १९९४ साली, वयाच्या पंचविशीत. त्या वर्षी १८ एप्रिलला अँटिग्वा येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३७५ धावा करून कसोटीतला तेव्हाचा विश्वविक्रम रचला. दोन महिने उलटायच्या आत, ६ जूनला, वॉर्विकशरकडून नाबाद ५०१ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तो विक्रम आजही अबाधित आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यवस्तीतला पादचारी मार्गही लारांच्या नावाचा आहे.

यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. कॉन्स्टंटाइन, जेम्स, नायपॉल यांची कर्मभूमी बव्हंशी परदेशात होती. मिन्शॉल यांचा जन्मच गयानातला. माणूस कोठे जन्मला किंवा कोठे राहिला यावर हा सन्मान अडला नाही. संधीच्या शोधात माणसे सतत बाहेर जातात अशा छोट्या देशाने ‘ही माणसे आमची’ असे जगाला सांगण्यासाठी या पदकाचा उपयोग केला.

नावाचा वाद

ट्रिनिटी म्हणजे पवित्र त्रैक्य आणि क्रॉस म्हणजे क्रूस. दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेची केंद्रे. ज्या देशात जवळजवळ चौथा हिस्सा लोक हिंदू किंवा मुस्लिम आहेत, तिथे सर्वोच्च सन्मान अशा नावाचा असावा का, हा प्रश्न स्थापनेपासूनच विचारला जात होता. अनेक हिंदू आणि मुस्लिम मानकऱ्यांनी देशाचा सन्मान म्हणून तो स्वीकारला. काहींना मात्र आपल्या श्रद्धेशी प्रतारणा न करता क्रूस छातीवर लावणे शक्य वाटत नव्हते. १९९५ साली सनातन धर्म महासभेचे धर्माचार्य पंडित कृष्ण महाराज यांनी ट्रिनिटी क्रॉस नाकारला, तेव्हा या प्रश्नाला तोंड फुटले.

सनातन धर्म महासभा ही १९५२ साली भदासे सगन महाराज यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली तिथल्या हिंदूंची प्रमुख संस्था. तिने गावोगाव शाळा काढल्या. सरचिटणीस सतनारायण महाराज यांच्या नेतृत्वाखाली महासभेने आणि तिच्या बरोबरीने ‘इस्लामिक रिलीफ सेंटर’ या मुस्लिम संस्थेने सरकारविरुद्ध घटनात्मक दावा दाखल केला. हिंदू आणि मुस्लिम संस्था एकाच बाजूने उभ्या राहिल्या, हे या खटल्याचे वैशिष्ट्य.

मे २००६ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पीटर जमादार यांनी निकाल दिला. पदकाला हे नाव देण्यामागे कोणाला दुखावण्याचा हेतू नसेल, पण त्याचा परिणाम हिंदू आणि मुस्लिमांच्या बाबतीत भेदभावाचाच होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र १९७६ च्या घटनेने आधीपासून चालत आलेल्या कायद्यांना संरक्षण दिलेले होते. १९६९ चे राजपत्र त्या संरक्षणात येते असे मानल्यामुळे न्यायालयाला ते रद्द ठरवता आले नाही. तत्त्व मान्य झाले, पण दाद मिळाली नाही.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. भारताने १९४९ मध्ये या न्यायासनाशी संबंध तोडला, पण त्रिनिदादचे अखेरचे अपील आजही तिथेच चालते. २८ एप्रिल २००९ रोजी प्रिव्ही कौन्सिलने महासभेच्या बाजूने कौल दिला. समानतेचा आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा हक्क १९६२ च्या घटनेतही होता, त्यामुळे त्या हक्काला बाधा आणणाऱ्या १९६९ च्या राजपत्राला जुना कायदा म्हणून संरक्षण मिळू शकत नाही, अशी निकालाची दिशा होती. ट्रिनिटी क्रॉसच्या निर्मितीने या हक्कांचा भंग झाला, असे जाहीर करण्यात आले.

हा निकाल येईपर्यंत सरकार स्वतःहून पुढे सरकले होते. २००६ च्या निकालानंतर इतिहासकार ब्रिजेट ब्रेरेटन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. २००८ साली ट्रिनिटी क्रॉस मागे घेऊन त्याच्या जागी ‘ऑर्डर ऑफ द रिपब्लिक’ आणण्यात आली. ‘ऑर्डर ऑफ द ट्रिनिटी’ हे संपूर्ण मांडणीचे नावही बदलले. चकोनिया, हमिंगबर्ड आणि लोकसेवा ही पदके होती तशीच राहिली. ज्यांना ट्रिनिटी क्रॉस मिळाला होता त्यांचा मान कोणी काढून घेतला नाही.

नव्या सन्मानाचे मानकरी

२००८ साली नवा सन्मान मिळालेल्यांमध्ये अँथनी विल्यम्स होते. ते स्टीलपॅन या वाद्याच्या आद्य घडवणाऱ्यांपैकी एक. स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या रिकाम्या पिंपातून तयार केलेले वाद्य. पिंपाचे बूड हातोड्याने ठोकून वाडग्यासारखे खोलगट करतात, त्यावर स्वरांच्या जागा आखतात, विस्तवावर तापवून पत्र्याला टणकपणा आणतात आणि मग हलक्या ठोक्यांनी एकेक जागा सुरात बसवतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांत १९३०-४० च्या सुमारास हे वाद्य जन्मले. तेव्हा पॅन वाजवणारी पोरे उनाड समजली जात, पोलीस त्यांच्या मागे असत. विल्यम्स यांनी कोळ्याच्या जाळ्यासारखी स्वरांची मांडणी करून या वाद्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्यांच्या ‘नॉर्थ स्टार्स’ पथकाने १९६३ ची पहिली ‘पॅनोरमा’ स्पर्धा जिंकली. १९९२ साली स्टीलपॅन हे राष्ट्रीय वाद्य ठरले. एकेकाळी हिणवलेल्या कलेच्या कारागिराला देशाचा सर्वोच्च मान मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

कॅलिप्सो गायकांनाही अशीच वाट पाहावी लागली. कॅलिप्सो हा कार्निव्हलमध्ये रंगणारा गाण्याचा प्रकार. त्यात राज्यकर्त्यांची टर उडवली जाते, गावातली भानगड सांगितली जाते आणि क्रिकेटचा विजयही गायला जातो. मराठी रसिकांना त्याची ओळख सुनील गावसकरांमुळे झाली. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, पदार्पणातच गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर कॅलिप्सो रचले.

या कलेचे एक मोठे नाव लॉर्ड किचनर. १९६३ ते १९७६ या काळात कार्निव्हलच्या मिरवणुकीतले सर्वांत गाजलेले गाणे दहा वेळा त्यांचे ठरले. १९९३ साली त्यांना ट्रिनिटी क्रॉस मिळावा म्हणून लोकांनी मागणी केली. सरकारने खालच्या दर्जाचा सन्मान देऊ केला आणि किचनरांनी तो नाकारला. त्यांचे प्रतिस्पर्धी ‘मायटी स्पॅरो’ यांचा जन्म ग्रेनडाचा, पण घडण त्रिनिदादची. त्यांना १९९३ साली चकोनिया सुवर्णपदक मिळाले आणि २०१४ साली सर्वोच्च सन्मान. २०१७ साली तो टोबॅगोत जन्मलेल्या कॅलिप्सो रोझ यांना मिळाला. पुरुषांच्या मक्तेदारीच्या या क्षेत्रात त्यांनी १९७८ साली देशातली मुख्य स्पर्धा जिंकली. तोपर्यंत विजेत्याला ‘कॅलिप्सो किंग’ म्हणत. त्यांच्या विजयामुळे किताबाचे नावच बदलून ‘कॅलिप्सो मोनार्क’ करावे लागले.

भारताशी नाते

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्रिस्टीन कांगालू यांनी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना ‘ऑर्डर ऑफ द रिपब्लिक’ प्रदान केली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले परदेशी नेते. पहिले भारतीय मजूर तिथे उतरल्याला त्या वर्षी १८० वर्षे पूर्ण झाली होती. सन्मानाची घोषणा करणाऱ्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचे पूर्वज बिहारमधील बक्सर भागातले. त्यांना २०१२ साली, तर कांगालू यांना २०२५ साली भारताने प्रवासी भारतीय सन्मान दिला होता. याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या गयानाने मोदी यांना ‘ऑर्डर ऑफ एक्सलन्स’ आणि डॉमिनिकानेही आपला सर्वोच्च सन्मान दिला होता. परदेशी नेत्यांना मिळणाऱ्या अशा सन्मानांत राजनैतिक संबंधांचा भाग असतोच. त्रिनिदादच्या बाबतीत त्यामागे मजुरांच्या पाच-सहा पिढ्यांचा इतिहासही होता.

सन्मान सर्वांचा

राष्ट्रीय सन्मान देताना देश व्यक्तीच्या कामाची नोंद घेतो, तसेच आपण कोणाला आपले मानतो हेही सांगतो. त्रिनिदादच्या यादीत गणितज्ञ आणि धावपटू, कादंबरीकार आणि पिंप ठोकणारा कारागीर, विरोधी पक्षनेता आणि कॅलिप्सो गायिका एका पंगतीत बसले आहेत. पण त्या पंगतीत मानाने बसता यावे म्हणून देशाच्या एका मोठ्या वर्गाला न्यायालयात जावे लागले. दावा सनदशीर मार्गाने लढवला गेला, सरकारने अंतिम निकालाची वाट न पाहता बदल केला आणि जुन्या मानकऱ्यांचा मानही राखला. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि वंशांच्या लोकांना एकत्र नांदायचे असते अशा कोणत्याही देशाने हा आदर्श समोर ठेवावा.